कोबीच्या पानामागील पेशीसंमीलन



‘पेशीसंमीलन’ हा शब्द माझ्यासारख्या मराठीच्या अध्यापकासही मोह घालतो. परंतु त्याचे मर्म कोबीच्या पानात आहे. १९६८ साली जपानमध्ये ओगुरा यांनी परागहीन मुळा नोंदविला. परागहीन झाडावर संकरित बी सहज धरता येते. तो गुण संकराने मोहरी-कोबीच्या कुळात आणला, तेव्हा मुळ्याचे हरितकणही आले आणि थंडीत पाने पिवळी पडू लागली. १९८३ साली फ्रान्समध्ये पेलतिए व सहकाऱ्यांनी विकरांनी भित्ती विरघळविलेल्या पेशी एकत्र केल्या. ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या रोपांतून त्यांनी परागहीनता मुळ्याची, पण हरितकण मोहरीकुळाचे, अशी रोपे निवडली. पाने हिरवी राहिली. मात्र अशा संकरित कोबीची संततीही परागहीनच निपजते; घरचे बी धरणे खुंटते. म्हणून नवे वाण स्वीकारतानाच अमझेऱ्याच्या मळ्यांत बी धरता येणारे जुने वाणही जपावेत, एवढीच माझी विनंती.