पाण्याची टाकी घेण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकाच आठवड्यात तीन मुले तापाने पडली. दोघांना डेंग्यू निघाला. पालिकेच्या आरोग्य खात्याची माणसे आली, त्यांनी गटारे पाहिली, टायर पाहिले. मग त्यांच्यातल्या एक ताई बॅटरी घेऊन घराघरांबाहेरच्या निळ्या पिंपांत डोकावू लागल्या. आम्ही म्हणालो, "ताई, ते तर नळाचे चांगले पाणी आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच बघतेय." चौथ्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. त्या पिंपावर झाकण म्हणून प्लायवूडचा तुकडा आणि वर एक वीट होती.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. तो दिवसा चावतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यातून अळी, अळीतून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नुसते पाणी ओतून दिले तरी भिंतीवरची अंडी तशीच राहतात. कोरडी पडूनही ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगतात तेव्हा पिंप रिकामे करून आतून ब्रशने घासायचेही असते. ज्या टाकीला हे करता येत नाही ती टाकी कितीही चांगल्या कंपनीची असली तरी आपल्या कामाची नाही.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, मोठ्यात मोठी केवढी मिळेल? पाण्याच्या रांगेत ज्यांचे बालपण गेले, त्यांना भरलेले पिंप पाहून किती धीर येतो हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरीही तेच. पण हिशेब करून पाहा. पाच माणसांचे घर, माणशी 40 लिटर धरले तर दिवसाला 200 लिटर होतात. नळ रोज येत असेल तर 200 किंवा 300 लिटरची टाकी पुरते. एक दिवसाआड येत असेल तर 500 लिटरची एक घेण्यापेक्षा 200 च्या दोन बऱ्या. एकीतले पाणी वापरून संपवायचे, ती घासायची, तोवर दुसरी भरलेली असते. लहान टाकी रिकामी झाली की आडवी करून धुता येते. मोठ्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो आणि हात पोहोचत नाही म्हणून तो वर्षभर तसाच राहतो. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन साठवणीत दिवसागणिक कमी होत जाते. चार दिवसांचे पाणी हे आजच्या पाण्याइतके सुरक्षित नसते.

आता निळ्या पिंपांबद्दल. स्वस्त पडतात म्हणून आपल्या वस्त्यांत घरोघरी तीच दिसतात. ही पिंपे मुळात कारखान्यांचा माल भरायला केलेली असतात. कशात सरबताचा गर येतो, कशात रंग, आम्ल किंवा कीटकनाशक. विकणारा सांगतो, "धुतलेले आहे, आत तेल होते." त्याच्याकडे त्याचा पुरावा नसतो. प्लास्टिक रसायन शोषून घेते आणि साबणाने वरवर धुतले तरी ते पुढे पाण्यात उतरत राहते. लेबल खरवडून काढलेले असेल, कवटीचे किंवा ज्वालेचे चिन्ह दिसत असेल, झाकण उघडताच उग्र वास येत असेल, तर ते पिंप फुकट दिले तरी घेऊ नये. बुडाशी त्रिकोणात 2 आकडा असला म्हणजे पिण्यायोग्य असेही काही जण सांगतात. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, आत काय भरले होते ते नाही. असे पिंप घरात आधीच असेल आणि नवी टाकी लगेच परवडत नसेल, तर ते संडास आणि लादी पुसण्याच्या पाण्यासाठी ठेवावे. झाकण मात्र त्यालाही घट्टच हवे.

नव्या टाकीवर आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबर आयएस 12701 हा क्रमांक छापलेला असावा. पाणी साठवण्याच्या पॉलिथिलीनच्या टाक्यांचे ते भारतीय मानक आहे. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे की नाही हे कळते. दुकानदार कंटाळला तरी चालेल, तिथेच उभे राहून पाहावे. मग टाकी उन्हात न्यायला सांगावी, आत हात घालून झाकण लोटावे आणि बाहेरून पाहावे. हाताची सावली दिसली तर उजेड आत जातो, म्हणजे शेवाळ धरणार. पोटाला दाबून पाहिल्यावर टाकी आत जात असेल, आतून खरखरीत असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर भंगार वितळवून केलेल्या मालाची शंका घ्यावी.

आणि झाकण! आटे असलेले, फिरवून घट्ट बसणारे झाकण पाहिजे. नुसते वर ठेवायचे झाकण वाऱ्याने उडते, फटीतून डास जातो. घरात रांगते मूल असेल तर त्याच्यासाठीही घट्ट झाकणच हवे, कारण अर्ध्या भरलेल्या पिंपात डोकावताना लहान मूल डोक्यावर आत पडते. जादा पाणी जाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाहीतर डासाला तेवढी वाट पुरते.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे 500 लिटरची भरलेली टाकी अर्धा टन होते. आमच्या शेजारच्या गल्लीत एकांनी ती पोटमाळ्यावर चढवली, आठ दिवसांत फळ्या वाकल्या. नशीब, खाली कुणी झोपलेले नव्हते. टाकी जमिनीवर, सपाट आणि पूर्ण बूड टेकेल अशा ओट्यावर ठेवावी. चार कोपऱ्यांना चार विटा लावल्या की मधले बूड लोंबते आणि फाटते.

टाकीला नळ बसवून घ्यावा, म्हणजे आत तांब्या बुडवावा लागत नाही. नळ तळापासून चार बोटे वर असावा, गाळ खाली राहतो. गाळ काढायला तळाशी वेगळे बूच असेल तर फारच सोयीचे. पिण्याचे पाणी मात्र उकळून वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे.

नळ सुरू होताच पहिली पाच मिनिटे पाणी टाकीत घेऊ नये. पुरवठा बंद असताना फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते, ते आधी येते. ती एक-दोन बादल्या संडाससाठी बाजूला ठेवाव्या. आमच्या गल्लीत आता घासण्याचा वार रविवार ठरला आहे. सकाळी विहारात जाऊन आलो की पिंपे आडवी होतात, आणि ज्यांना वाकवत नाही अशा आजीबाईंचे पिंप शेजारची मुले घासतात.