वऱ्हाडच्या दमसासाचा मागोवा

हृदय आणि फुप्फुसे यांना बळकटी आणणारा सर्वोत्तम व्यायाम कोणता, हा प्रश्न हल्ली अमरावतीत डॉक्टरांच्या दवाखान्यापासून मालटेकडीच्या चढणीपर्यंत सर्वत्र विचारला जातो, आणि चालणे, धावणे, पोहणे, सायकल व जिममधील ट्रेडमिल यांपैकी प्रत्येकाचा कैवार घेणारे जाणकारही तेथेच भेटतात. ज्याला आज सर्रास कार्डिओ म्हणतात तो व्यायाम वऱ्हाडाला मुळीच अपरिचित नव्हता. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या मुलखातील माणसाने आपला दमसास कशाने कमावला, कशाने गमावला आणि पुन्हा कशाने मिळवू पाहिला, याचा क्रम लावून पाहिला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर बरेचसे उलगडते, अशी माझी धारणा आहे.

१८५३ पासून इंग्रजांच्या अंमलाखाली असलेले आणि १९०२ च्या कायमच्या पट्ट्यानंतर मध्य प्रांताला जोडले गेलेले वऱ्हाड त्या काळी सर्वस्वी कापसाचा मुलूख होता. वावरात वखर-डवरा हाकणारा कुणबी, ओटी बांधून वेचणीला जाणारी बाई, जिनात रुईच्या गाठी वाहणारा हमाल आणि बाजाराच्या दिवशी दोन-चार कोस तुडवून तालुक्याला येणारा खेडूत यांच्या हृदयाला पुरेसे काम त्यांच्या पोटाचा उद्योगच देत असे. उणीव होती ती कचेरीतील कारकुनाला, वकिलाला, पेढीवरील मुनिमाला आणि शाळेच्या बाकावर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला. अशा काळात, १९१४ साली, अंबादास व अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली, आणि शरीरकष्टांपासून दूर जाऊ लागलेल्या सुशिक्षित वर्गाला व्यायामाकडे वळविण्याच्या कामी या शहराला एक हक्काचे स्थान मिळाले.

आखाड्यातील मेहनत ही केवळ ताकदीची मेहनत होती, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. एका लयीत, मध्ये न थांबता शे-दीडशे बैठका मारणाऱ्या तरुणाच्या मांड्यांचे मोठाले स्नायू रक्ताची जी मागणी करतात, ती पुरविताना हृदयाला धावण्याइतकेच राबावे लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा आयुष्यभर हिरिरीने प्रसार केला, ते सूर्यनमस्कारही संथपणे घातले तर अंग मोकळे करतात आणि जलद, अखंड घातले तर दम वाढवितात. मात्र या मेहनतीला मर्यादाही होती. श्वास कोंडून जोर लावण्याची सवय जडली तर रक्तदाब एकाएकी चढतो, आणि पंचविशीत सहज सोसणारी बैठक पन्नाशीत गुडघ्यांना जड जाते. त्यामुळे आखाडा हा स्वभावतःच तारुण्याचा आश्रय राहिला आणि उतारवयातील माणूस त्याच्या उंबरठ्याबाहेरच थांबला.

आखाड्याच्या हौदातून मोकळ्या मैदानावर आलेल्या सांघिक व्यायामाने ही मर्यादा काही अंशी ओलांडली. लेझमीचेच उदाहरण घ्यावे. लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या, एवढाच तिचा सरंजाम. पण हलगीचा ठेका सुरू झाला, की दांडा पुढे, साखळी मागे, गुडघ्यातून वाकून एक पाऊल, वळून दुसरे, उठता उठता हात डोक्यावर, असा क्रम पाव-अर्धा तास चालतो. त्यात हात, पाय व कंबर यांपैकी कोणालाही विसावा नसतो. प्रत्येक पावलाला शेकडो चकत्यांचा एकच झणत्कार उठत असल्यामुळे थकलेल्या गड्यालाही रांग सोडण्याचा धीर होत नाही. नाडीचा वेग वाढतो, कपाळावर घाम येतो, आणि तरीही तोंडाने ताल मोजता येतो. मध्यम तीव्रतेच्या दमसासी व्यायामाचे जे लक्षण वैद्यकशास्त्र सांगते, ते हेच: बोलता यावे, पण गाता येऊ नये.

हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, ही याच्या पुढची पायरी. जुन्या शिरस्त्याप्रमाणे चढाई करणाऱ्या गड्याची मुदत त्याच्या श्वासाएवढीच असे. दम तुटला की तो बाद. आजच्या नियमांनी चढाईला तीस सेकंदांची मर्यादा घातली असली, तरी सात गड्यांच्या संघाने वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत ज्या झटापटी करायच्या, त्यांचे स्वरूप तेच राहिले आहे: क्षणभर जिवाच्या आकांताने हालचाल, मग थोडी उसंत, पुन्हा झडप. खो-खो आणि विदर्भात विशेष रुजलेल्या आट्यापाट्या यांतही हाच क्रम आढळतो. तीव्र श्रम व विश्रांती यांची आलटून पालटून योजना आज इंटरव्हल ट्रेनिंग या नावाने सांगितली जाते, ती आमच्या पोरांना पाटीवर उभे राहिल्याबरोबर फुकट मिळत होती. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, तेव्हा वऱ्हाडातील एका शहराची तालीम जगाच्या नजरेस पडली; पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाडमध्येही मंडळाचे पथक गेले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला, त्यामागे अशा अनेक खटपटींचा दीर्घ इतिहास उभा आहे.

इकडे मैदाने गाजत असता तिकडे विज्ञानाने या विषयाचा स्वतंत्र छडा लावण्यास आरंभ केला होता. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने सतत चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात दिसून आले. १९६८ साली अमेरिकेच्या हवाईदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचा एरोबिक्स हा ग्रंथ निघाला व बारा मिनिटांत किती अंतर धावता येते, यावरून दमसास मोजण्याची रीत लोकप्रिय झाली. त्याच सुमारास, १९६७ साली, मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय अमरावतीत निघाले. आखाड्यातील वस्तादाची परंपरागत विद्या आणि शरीरक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक एकाच आवारात नांदू लागले.

या संस्थात्मक इतिहासाच्या बाजूनेच, कोणाच्याही अभ्यासक्रमात न बसणारा एक प्रवाह अकोल्यात वाहत आला आहे. १९४४ च्या अवर्षणात शिवभक्तांनी गांधीग्रामाहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला अभिषेक केला, आणि तेव्हापासून श्रावणातील शेवटच्या सोमवारी कावडी घेऊन सुमारे अठरा किलोमीटरची वाट अनवाणी चालण्याचा प्रघात पडला. लांबच लांब बांबूंना भरणे बांधलेली, अनेकांच्या खांद्यांवर तोललेली कावड रात्रभर चालविणे, हे कोणत्याही मोजपट्टीने मोठे श्रम आहेत. शेगावच्या पायी वारीचेही तसेच. मात्र वर्षातून एकदा केलेला पराक्रम बाकीच्या दिवसांची उणीव भरून काढू शकत नाही. जो वर्षभर चालतो त्याला ती वाट सुखाची होते, आणि जो एकदम उठून निघतो त्याच्या हृदयावर तीच वाट भार टाकते.

गमावण्याचा अध्याय यानंतरचा आहे, आणि तो कोणाच्या ध्यानातही आला नाही इतक्या हळूहळू लिहिला गेला. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली सायकल हे कारकुनाचे, शिक्षकाचे व विद्यार्थ्याचे नित्याचे वाहन होते. तिची जागा स्कूटरने घेतली, आणि बडनेऱ्याहून अमरावतीस रोज सायकलने येणाऱ्याचा जो तासाभराचा व्यायाम आपोआप घडत असे तो कोणत्याही हुकुमावाचून रद्द झाला. वावरात ट्रॅक्टर आला, आट्यापाट्यांच्या रिकाम्या जागांवर इमारती उठल्या, आणि मधुमेह व रक्तदाब हे विकार शहराची वेस ओलांडून खेड्यात गेले. जिम व ट्रेडमिल या घटनांनंतर आले. त्यांचा तिटकारा करण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला असता, किंवा भर पावसात, छपराखालचा तो पट्टाच कित्येकांचा नेम टिकवितो.

मग सर्वोत्तम कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जो दंडक घातला, त्यात कोणत्याही एका प्रकाराचे नाव घेतलेले नाही: आठवड्याला मध्यम तीव्रतेचे १५० ते ३०० मिनिटे किंवा तीव्र स्वरूपाचे ७५ ते १५० मिनिटे श्रम, आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम. या मापात शंभर वर्षांचा हा इतिहास बसवून पाहिला, तर माझे मत असे बनते. मुलांना व तरुणांना मैदानी खेळांसारखे दुसरे साधन नाही, कारण त्यांत दम, चपळाई आणि ताकद एकत्र येतात व कंटाळा येत नाही. तिशी ते पन्नाशीच्या माणसाने झपाट्याचे चालणे अथवा सायकल हा पाया धरावा, त्यावर आठवड्यातून एक-दोनदा मालटेकडीची चढण किंवा जलद सूर्यनमस्कार यांसारखे तीव्र श्रम चढवावेत, आणि बेताच्या जोर-बैठका सोडू नयेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना पोहणे व सायकल मानवते; साठीनंतर चालणे हे सर्वांत निर्धोक. छातीत दुखणे, चक्कर किंवा वाजवीपेक्षा फार धाप लागणे यांपैकी काही असेल त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि वऱ्हाडात फाल्गुनापासून मृगापर्यंत कोणताही व्यायाम सूर्य वर येण्यापूर्वी आटोपावा, ही अट सर्वांनाच लागू आहे.

परंतु व्यायामाचा प्रकार ठरला म्हणजे काम झाले, असे या इतिहासावरून दिसत नाही. ज्या ज्या काळी इथला माणूस दमदार राहिला, त्या त्या काळी त्याला ठरलेली वेळ, सोबती, शिकविणारा आणि मोकळी जागा ही चारही साधने मिळाली होती. वैद्य बंधूंचे खरे कर्तृत्व ही साधने एकत्र आणून ती पिढ्यानुपिढ्या टिकविण्यात आहे. आज अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात पहाटे उघडे असणारे एक मैदान, सावलीचा चालण्याचा रस्ता आणि सायकलस्वारांना निर्वेध वाट एवढी तजवीज केली, आणि नागरिकांनी चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिचा रोज उपयोग केला, तर सर्वोत्तम व्यायामाचा वाद घालण्यास कोणाला सवड उरणार नाही, आणि तो घालण्याचे कारणही उरणार नाही.