पंपातलं औषध जातं कुठं?

थंडीत कॅम्पातली हवा कोरडी पडली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात. ही स्थिर वीज आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. दम्याच्या पंपात मात्र ती रोज काम करत असते, आणि बहुतेक वेळा रुग्णाच्या विरुद्ध.

पंप म्हणजे इनहेलर. सिप्लानं दम्यासाठी अशी फवाऱ्याची औषधं १९७६ साली बाजारात आणली. पंप दाबला की औषध बारीक छिद्रातून जोरात सुटतं आणि घासून बाहेर पडताना त्याच्या कणांवर विद्युतभार येतो. फुप्फुसात खोलवर पोचतात ते साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. इतक्या हलक्या कणाला जरा ओढ लागली तरी तो वाट सोडतो.

पंप दाबणं आणि त्याच क्षणी श्वास ओढणं म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना जमत नाही. म्हणून मध्ये स्पेसर लावतात, प्लास्टिकचा पोकळ डबा. आता गंमत बघा. साध्या प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे त्यावर साठलेला भार तिथंच बसून राहतो आणि कणांना भिंतीकडे खेचतो. औषध तोंडात यायच्या आधीच डब्याला चिकटतं!

आमची आजी रविवारी मिस्साला जायच्या आधी स्पेसर धुऊन सुती कापडानं लख्ख पुसायची. स्वच्छतेत नाव ठेवायला जागा नव्हती. पण पुसणं म्हणजे घासणंच की. कंगव्याचं होतं तेच डब्याचं.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी १९९९ साली निरोगी माणसांवर हे मोजलं. भार असलेल्या स्पेसरमधून सुमारे ११ टक्के औषध फुप्फुसात गेलं, साबणाच्या पाण्यानं धुतलेल्यातून सुमारे ४५ टक्के. औषध तेच, पंपही तोच. ‘पंप लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या घरात औषध वाढवून मागण्याआधी डब्याकडे बघायला हवं, असं मला वाटतं ते या आकड्यांमुळं.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब कोमट पाण्यात टाकून महिन्यातून एकदा स्पेसर बुडवून धुवायचा, आतून पुसायचा नाही, तसाच निथळून वाळू द्यायचा. आत राहिलेला साबणाचा पातळ थर भार साठू देत नाही. तोंडात धरायचा भाग तेवढा साध्या पाण्यानं धुवावा. नवा स्पेसरही वापरण्याआधी असाच धुवायचा. स्थिर वीज न धरणाऱ्या प्लास्टिकचे स्पेसरही मिळतात, सिप्लाच्या ‘झिरोस्टॅट’चं नाव त्यावरूनच पडलंय. त्यांच्यासोबतचा कागद वाचून धुवावं.

आणि दोन फवारे एकदम डब्यात सोडू नयेत. एक सोडायचा, लगेच श्वास घ्यायचा, मग दुसरा. थांबलं की तेवढ्यात कण भिंतीला लागतातच.