माठ, वारा आणि आमची गाडी

मे महिन्यात भर दुपारी वर्ध्याहून नागपूरला निघणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसणे. पण आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नेमकी तीच वेळ दिली होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. “गाडीत एसी आहे, तुला ऊन कळायचंसुद्धा नाही,” असे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले. आठच दिवसांपूर्वी गॅरेजात एसीचा गॅस भरून घेतला होता; त्या मोसमात दुसऱ्यांदा!

गाडी पळत होती तोवर आत छान गारवा होता. बुटीबोरीजवळ वाहनांची रांग लागली आणि पाच मिनिटांत जाळीतून कोमट वारा येऊ लागला. रांग हलली की गार, थांबली की गरम! आरशात पाहिले, तर आईचा चेहरा लाल झालेला. “गरगरतंय रे,” एवढेच ती म्हणाली आणि माझ्या पोटात धस्स झाले.

काचा उघडल्या, गाडी कडेच्या लिंबाखाली घेतली, आईच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, घोटघोट पाणी दिले. पाव तासाने तिला हुशारी वाटली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

जवळच गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते. “गॅस संपला असेल,” मी माझे ज्ञान पाजळले. मिस्त्री हसला. “गॅस काय पेट्रोल आहे जी, जळून जायला? गळती असली तरच तो कमी होते.”

त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि बॉनेटखाली, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीवर लांबूनच तांब्याभर पाणी शिंपडले. काय आश्चर्य! आत गार वारा सुरू! पाणी सुकले, पुन्हा कोमट.

मग त्याने उलगडा केला. एसी गारवा तयार करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, वारा लागून त्याची उष्णता निघून जाते आणि त्याचे द्रव होते. हा द्रव डॅशबोर्डामागच्या जाळीत पुन्हा वायू होताना आतली उष्णता शोषून घेतो. गाडी धावते तेव्हा कंडेन्सरला आपोआप वारा मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्यानेच द्यावा लागतो. आमच्या गाडीला दोन पंखे. त्यांतला एसीचा पंखा बंद पडला होता. फ्यूज ठीक होता, रिले ठीक होता, मोटारच जळलेली! उष्णता बाहेर पडेना, दाब वाढे, आणि धोका नको म्हणून कॉम्प्रेसर आपसूक थांबे. नागपुरात नवी मोटार बसवली, तेव्हा गॅसही प्रमाणापेक्षा जास्त भरल्याचे निघाले. त्याने दाब आणखीच वाढत होता. म्हणजे दुखणे वाढवायला मी दोनदा पैसे मोजले होते!

वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. धावताना गार, थांबल्यावर गरम, तर आधी पंखा पाहा आणि कंडेन्सरवर धूळ-कचरा साचला आहे का ते पाहा. (इंजिन बंद असले तरी पंखा एकाएकी फिरू शकतो, बोटे घालू नका.) वारा गार, पण मंद, तर आतला फिल्टर धुळीने भरला असेल. कुठेच गार होत नसेल, तर गळतीची शंका घ्या. पण गळती शोधून बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. आणि गाडीत म्हातारे माणूस किंवा मूल असेल, तर यंत्र नंतर. आधी सावली आणि पाणी.

परतताना मी हे सारे शास्त्र आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, “एवढंच ना? माठ फडताळात कोंडला तर पाणी कधी गार झालंय का? वारा नको त्याला?”

दोनदा गॅस भरण्यापूर्वी एकदा आईला विचारले असते, तर!