गेट बिनबोभाट बंद होतंय? मग एकदा खराटा आडवा धरून बघा

लोणावळ्यात तुंगार्लीच्या किंवा वलवणच्या गल्ल्यांमधून चक्कर मारा, बंगल्यामागून बंगल्याला मोटारीचं सरकतं गेट दिसेल. पवना धरणाच्या काठच्या फार्महाउसना आणि तळेगावच्या नव्या सोसायट्यांनाही तेच. सिनेमात दिसतो तसा वर सरकणारा गॅरेजचा दरवाजा आपल्याकडे क्वचितच. आपली गाडी पत्र्याच्या शेडखाली आणि तिच्यापुढे काहीशे किलोचं लोखंडी गेट. आणि ते उघडायचं ॲप? ते बहुतेक वेळा घरातल्या तरण्या पोराच्या नाहीतर पोरीच्या मोबाईलवर, म्हणजे तुमच्याच.

मी कामशेतचा. नात्यातले दोघं लोणावळ्यात बंगले सांभाळतात, त्यामुळे पावसाळ्याआधी गेटं तपासायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आलंय. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऐकायला उलटी वाटेल, पण जे गेट कधीच कुरकुर करत नाही, त्याच्यावर मी आधी संशय घेतो.

कारण असं. गेटच्या दोन बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, काळ्या काचेच्या दोन छोट्या डब्या समोरासमोर बसवलेल्या असतात. त्या फोटोसेल. एकीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरी तो पकडते. गेट बंद होताना मध्ये गाडी, माणूस, कुत्रं आलं की किरण तुटतो आणि गेट थांबून मागे फिरतं. यात एक शहाणपणाची सोय आहे. बहुतेक जोडण्यांमध्ये ‘वाट मोकळी आहे’ हा सिग्नल बोर्डला सतत मिळत राहावा लागतो. वायर तुटली, काचेवर चिखल बसला, डबीत पाणी गेलं, की सिग्नल थांबतो आणि गेट बंद व्हायलाच नकार देतं. म्हणजे सेन्सर बिघडला तरी माणसाच्या बाजूने बिघडतो.

घोळ नेमका इथेच होतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत ढग थेट अंगणात उतरतात. डबीत बाष्प धरतं, कोळी काचेवर जाळं विणतो, मुंग्या आत संसार थाटतात. मग रात्री अकराला, धो धो पावसात, गेट बंदच होत नाही. मालक मुंबईत, वॉचमन भिजतोय, फोनवर फोन चालू. सकाळी कोणीतरी मेकॅनिक येतो, बोर्डवरच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा अडकवतो आणि म्हणतो, “डायरेक्ट करून दिलंय, आता त्रास नाही.” खरंच त्रास नसतो. बोर्डला आता चोवीस तास ‘वाट मोकळी’ एवढंच ऐकू येतं. डब्या खांबावर तशाच असतात, कधी कधी त्यांच्यातला दिवाही पेटलेला असतो. नुसतं बघून काहीही कळत नाही.

म्हणून खराटा. गेट बंद व्हायला लावा, स्वतः वाटेच्या बाहेर एका बाजूला उभे राहा आणि लांब दांड्याचा खराटा किंवा काठी दोन डब्यांच्या मध्ये आडवी धरा. गेट लगेच थांबून उलटं फिरलं पाहिजे. नुसतं थांबलं तर सेटिंग काय आहे ते विचारा. चालतच राहिलं, तर सेन्सर मेलाय किंवा डायरेक्ट केलाय. हात किंवा पाय घालून बघायचा आचरटपणा करू नका, रील्ससाठी तर अजिबात नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण किरण म्हणजे एकच रेघ. तिच्याखालून रांगतं बाळ किंवा मांजर सहज जातं. तिथे दुसरी सोय कामाला येते. अडथळ्याला टेकल्यावर मोटारीला जोर लावावा लागतो, ती जास्त करंट ओढते आणि चांगला बोर्ड ते ओळखून गेट मागे घेतो. ही तपासायला पुठ्ठ्याचा खोका घ्या, डब्यांच्या उंचीपेक्षा बुटका. त्यात जुन्या चादरी गच्च भरा आणि गेट जिथे टेकतं त्या खांबाशी ठेवा. गेटने खोक्याला टेकून माघार घेतली पाहिजे. खोका चेपला, तर जोर जास्त ठेवलाय. युरोपच्या मानकात बंद होतानाच्या शेवटच्या टप्प्यात हा दाब जास्तीत जास्त ४०० न्यूटन चालतो, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाएवढा, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत कमी व्हावा लागतो. आपल्याकडे पावसात रुळात चिखल आणि खडी साचते, गेट जड चालतं, अर्ध्यात थांबतं. रूळ साफ करण्याऐवजी बोर्डवरचा जोर वाढवला जातो. पावसाळा संपतो, रूळ कोरडा होतो, वाढवलेला जोर तसाच राहतो.

ज्यांच्याकडे वर सरकणारा दरवाजा आहे, त्यांनी खाली जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून हीच परीक्षा घ्यावी. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती गॅरेज-मोटारींना अडथळ्यावर उलटं फिरणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या मोटार-शटरमध्ये ती सोयच नसते. तिथे बटनापाशी उभं राहून शटर जमिनीला टेकेपर्यंत बघणारा माणूस हाच सेन्सर. आणि स्प्रिंगला घरी कोणीही हात लावू नये.

आता ज्या धोक्यावर कुठलाही सेन्सर चालत नाही, त्याबद्दल. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलमध्ये मुलं खेळत असताना सरकतं लोखंडी गेट अंगावर पडून एक चिमुरडी गेली. सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर आला असेल. सरकतं गेट उभं राहतं ते खालच्या रुळावर आणि वरच्या बाजूला धरून ठेवणाऱ्या गाईड रोलरवर. ते शेवटापलीकडे सरकलं आणि रोलरमधून सुटलं की सरळ आडवं होतं. त्याला अडवायला दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेला लोखंडी स्टॉपर लागतो. मोटारीच्या गेटला लिमिट स्विच असतो, पण तो मोटारीला फक्त ‘आता थांब’ सांगतो, गेटला धरत नाही. स्टॉपर दोन्हीकडे आहेत का, मुळाशी गंजलेत का, रोलरचे बोल्ट ढिले झालेत का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. माझा आग्रह असा की हे सगळ्यात आधी बघा. गेटला स्टॉपर नसेल तर बाकीच्या परीक्षा पुढे ढकला आणि आधी वेल्डरला फोन करा. तोवर मुलांना गेटला लटकू देऊ नका, मग ते मोटारीचं असो की हाताने ढकलायचं.

आता ॲपबद्दल. गेटला जोडलेले स्वस्त वाय-फाय स्विच बहुतेक वेळा एकच काम करतात. बटन दाबलं की बोर्डला एक टिचकी मारतात. पहिल्या टिचकीला गेट उघडतं, दुसरीला थांबतं, तिसरीला बंद होतं. पुण्यात बसून तुम्हाला कळतच नाही की आपण उघडतोय की बंद करतोय. “कॅमेऱ्यात बघून करतो ना!” असं म्हणाल. हिशोब करून बघा. गेट मिनिटाला १२ मीटर सरकत असेल, तर सेकंदाला २० सेंटिमीटर. मोबाईलवरचं चित्र तीन सेकंद मागे असेल तर गेट तुम्हाला दिसतं त्यापेक्षा ६० सेंटिमीटर पुढे पोचलेलं असतं. लोणावळ्याच्या पावसाळी नेटवर्कमध्ये तीन सेकंद काहीच नाहीत. अमेरिकेत गॅरेजचा दरवाजा असा दुरून बंद करायचा तर आधी किमान पाच सेकंद दिवा लुकलुकवून आवाज करावा लागतो. तुमच्या बोर्डवर लुकलुकणाऱ्या दिव्याची जागा असेल तर तो बसवून घ्या, खर्च फार नाही. दुरून उघडणं एक वेळ ठीक, पण बंद करायचं तेव्हा गेटपाशी माणूस हवा. ॲपचा पासवर्ड पाहुण्यांना दिला असेल तर ते गेल्यावर बदला.

देखभालीचं थोडक्यात. डब्यांची काच कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात दर आठवड्याला. रुळावर ग्रीस थापू नका, चिखल चिकटतो. मोटारीच्या बॉक्समध्ये पाली-मुंग्या शिरू नयेत म्हणून वायरींची भोकं बंद करून घ्या. बॉक्स उघडायचा तर आधी एमसीबी बंद, आणि आतलं वायरिंग मेकॅनिकवरच सोडा. तो काम संपवून निघाला की पैसे द्यायच्या आधी खराटा त्याच्या हातात द्या. खराट्याची आणि खोक्याची परीक्षा महिन्यातून एकदा घ्या.

लाईट गेल्यावर गेट हाताने सोडायची एक किल्ली मोटारीसोबत येते. ती कुठे आहे हे वॉचमनला आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. बंगला भाड्याने घेऊन आलात तर आल्या आल्या केअरटेकरदादांना विचारून ठेवा. तुंगार्लीसारख्या उतारावर गेट असेल तर किल्ली फिरवण्याआधी दुसऱ्या माणसाला गेट धरायला सांगा, कारण मोटारीतून सुटलेलं गेट उताराकडे आपलं आपण धावतं.