राखून ठेवलेली परवानगी

विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातले काम बारकाईने पाहिले, तर नियंत्रक जितक्या सूचना देतो तितक्याच राखून ठेवतो, असे लक्षात येते. एका विमानाला धावपट्टीवर आणून थांबवायचे, दुसरे विमान पुढे धावपट्टी ओलांडून जाईपर्यंत त्याची उड्डाणाची परवानगी रोखायची आणि त्याच वेळी तिसऱ्या वैमानिकाला उत्तर द्यायचे, अशा क्रमात रोखलेली प्रत्येक परवानगी हा योग्य क्षणी आपणहून आठवावा लागणारा एक संकल्प असतो. अशा स्मरणाला मानसशास्त्रात भविष्यलक्ष्यी स्मृती म्हणतात. घडून गेलेले आठवताना बहुधा कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो. येथे आठवण्याची वेळ आली आहे, हेही मेंदूलाच ओळखावे लागते.

आइनस्टाइन आणि मॅकडॅनियल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही क्षमता प्रयोगशाळेत आणण्याची रीत घालून दिली. सहभागी व्यक्तीला शब्द लक्षात ठेवण्याच्या कामात गुंतवायचे आणि त्यातच एखादा ठरावीक शब्द दिसला की कळ दाबायची, असे आधी सांगून ठेवायचे, अशी ती रीत होती. ठरलेली खूण चालू कामाच्या ओघातच नजरेखाली येत असेल, तर संकल्प पुष्कळदा विनासायास वर येतो. ती ओघाबाहेर असेल, तर मेंदूला चालू कामातले थोडे लक्ष काढून पहाऱ्यावर ठेवावे लागते, आणि काम वाढले की तो पहारा ढिला पडतो. ठरावीक वेळी करायचे काम त्याहून अवघड असते, कारण तेथे बाहेरची खूण मुळीच नसते आणि घड्याळ पाहण्याचेही स्वतःच आठवावे लागते.

कपाळामागे, मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला असलेला दहाव्या क्रमांकाचा ब्रॉडमन विभाग या कामाशी निकटचा जोडलेला आहे. संकल्प मनात धरून दुसरे काम करणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण पॉल बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, तेव्हा या विभागाच्या बाहेरच्या बाजूची हालचाल वाढलेली आणि मध्यरेषेलगतची घटलेली आढळली. समोरच्या गोष्टीकडे पाहणे आणि मनातल्या हेतूकडे पाहणे यांतला तोल येथे सांभाळला जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

हा तोल ढळण्याची किंमत लॉस एंजलिस विमानतळावर 1 फेब्रुवारी 1991 च्या संध्याकाळी मोजावी लागली. नियंत्रिकेने स्कायवेस्टच्या लहान विमानाला धावपट्टीवर थांबवले होते; ते सोडायचे तेवढे राहिले होते. त्याच सुमारास एक विमान रेडिओवर उत्तर देईनासे झाले, दुसऱ्याच्या नोंदीची कागदी पट्टी जागेवर सापडेना, आणि या गडबडीत तिने उतरू पाहणाऱ्या यूएसएअरच्या बोइंगला त्याच धावपट्टीची परवानगी दिली. थांबलेले विमान मुकाट्याने वाट पाहत होते, त्याचे दिवे धावपट्टीच्या दिव्यांत मिसळले होते आणि जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार बंद होते. म्हणजे राखून ठेवलेला संकल्प जागा करील अशी एकही खूण उरली नव्हती. या टकरीत 35 माणसे गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणमीमांसा करताना नियंत्रिकेच्या विस्मरणाआधी, एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येईल अशी कार्यपद्धती न राखणाऱ्या व्यवस्थेला जबाबदार धरले, आणि ते न्याय्यच होते.

विसरणाऱ्याला निष्काळजी ठरवणे सोपे असते, पण काळजी कितीही असली तरी खुणेची उणीव तिने भरून निघत नाही. म्हणूनच अनेक मनोऱ्यांत धावपट्टी अडलेली असताना तिच्या रकान्यात ठळक रंगाची पट्टी ठेवतात. पुढची परवानगी देण्यापूर्वी नजर तिच्यावर पडतेच. नासातील संशोधक की डिसम्यूक्स यांच्या प्रयोगांत आणखी एक साधी बाब दिसली: काम मध्येच तोडले जात असताना काही क्षणांची उसंत मिळाली, तर सुटलेल्या कामाकडे परत वळण्याचे प्रमाण वाढते. कारण त्या क्षणांत संकल्पाला खूण बांधता येते. मनोरा असो, शस्त्रक्रियागृह असो वा रुग्णालयातील औषधांची फेरी, जेथे विस्मरणाने जीव जाऊ शकतो तेथे ही उसंत कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न सोडता कामाच्या नियमातच लिहिली गेली पाहिजे.