बडोद्याचे दिवाण आणि परळची खोली

1874 साली मुंबईची चार माणसं बडोद्याचा कारभार हाती घ्यायला गेली. दिवाण होते दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले. न्यायखातं बाळ मंगेश वागळ्यांकडे. रानडे, भांडारकर आणि मोडक यांच्याबरोबर 1862 साली मुंबई विद्यापीठाची पहिली पदवी घेतलेले ते हे वागळे. ज्या प्रार्थना समाजाचं नाव गिरगावातल्या चौकाला आहे, त्या समाजातले. सोबत होरमसजी वाडिया आणि काझी शहाबुद्दीन. मुंबईत शिकून तयार झालेल्या पिढीला एक अख्खं संस्थान सुधारून दाखवायची संधी मिळाली होती.

गादीवर मल्हारराव गायकवाड. त्यांच्या राज्याची अवस्था काय होती, हे इंग्रज सरकारने 1873 मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगापुढे उघड झालंच होतं. महसूल इजाऱ्याने दिलेला. म्हणजे परगण्याची वसुली जो जास्त बोली लावेल त्याच्या घशात. इजारदार दरबारात रक्कम भरणार आणि ती नफ्यासकट कुणब्याच्या मानगुटीवर बसून काढणार. महाराज गादीवर आले म्हणून नजराणा, तोही शेतकऱ्याकडूनच. कज्जा असेल तर न्यायाला किंमत, नोकरी हवी असेल तर नोकरीलाही. सावकार नागवलेले, कैद्यांना मारझोड. आणि दरबारात सोन्याच्या तोफा.

परळच्या शाळेत इतिहास शिकवताना आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस वुल्झी आला, की मी हमखास बडोद्याकडे वळायचे. वुल्झी खाटकाचा मुलगा. 1515 मध्ये इंग्लंडचा चॅन्सलर झाला. बड्या सरदारांना त्याने स्टार चेंबरच्या न्यायालयात खेचलं, शेतजमिनींना कुंपणं घालून कुळांना हुसकावणाऱ्यांची 1517 मध्ये चौकशी लावली. पण राजाला फ्रान्सवर स्वारी करायची होती. त्या पैशासाठी 1525 मध्ये वुल्झीने जी वसुली काढली, तिने लोक पेटून उठले. राजाने ती मागे घेतली आणि दोष मंत्र्याच्या माथी आला. पुढे राजाला हवा असलेला काडीमोड तो मिळवून देऊ शकला नाही, आणि त्याचं सगळं संपलं. 1530 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनला नेत असताना तो वाटेतच वारला. सुधारणा मंत्र्याच्या, तिजोरी आणि लहर राजाची, असा तो मामला.

दादाभाईंचंही तेच झालं. नजराणे घेऊन न्याय विकायची रीत मोडायला त्यांनी हात घातला, तर वाड्यातली जुनी मंडळी महाराजांच्या कानाशीच बसलेली. दुसरीकडे इंग्रज सरकारचा रेसिडेंट कर्नल फेअर त्यांच्या मुळावर उठलेला. नोव्हेंबरात त्या फेअरवर विषप्रयोग झाल्याची बोंब उठली. जानेवारी 1875 पर्यंत दादाभाई आणि त्यांचे सहकारी बाहेर पडलेले होते, आणि त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली. चौकशीसाठी सहा जणांचं मंडळ बसलं. तीन इंग्रज एका बाजूला, तर शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे दुसऱ्या बाजूला, अशी मतं फुटली. तरी एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच.

दादाभाईंच्या चरित्रांत हे प्रकरण चटकन उरकतात. मला ते फार मोलाचं वाटतं. त्यांच्यासारखा निःस्पृह माणूसही जिथे काही महिन्यांवर टिकला नाही, तिथे अडचण माणसात नव्हती, राजाच्या अमर्याद हातात होती.

ते ओळखलं पुढच्या दिवाणांनी. सर टी. माधवराव कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी घरातले, त्रावणकोर आणि इंदूर गाजवून आलेले. 1875 मध्ये ते बडोद्यात आले तेव्हा नशिबाने राजा बारा वर्षांचा होता. नाशिकजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव, दत्तक येऊन सयाजीराव झालेला. माधवरावांनी इजारे मोडले, कोर्टं बसवली, पोलीस वेगळे केले, शाळा काढल्या. ही कामं मोठीच. पण 1881 मध्ये अधिकारसूत्रं द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्या तरुण राजाला समोर बसवून व्याख्यानं दिली. वाड्याचा खर्च किती असावा, न्यायात हात का घालू नये, दिलेला शब्द का पाळावा, खुशमस्कऱ्यांना कसं ओळखावं. पुढे ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राजालाच शिकवून सोडणं ही माधवरावांची खरी सुधारणा, असं माझं ठाम मत आहे. त्याच सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर नेलं.

आता परळला या. गिरणगावातल्या डबक चाळीतली एकच खोली. सुभेदार रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आडवे व्हायचे. हा मुलगा, भीमराव आंबेडकर, चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला विल्सन हायस्कूलच्या कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना दिसायचा. केळुसकरांनीच पुढे त्याला सयाजीरावांपर्यंत पोचवलं. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते बडोद्याच्या मदतीवर. 1913 मध्ये महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी, आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या तिजोरीतून एके काळी सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या, तिच्यातूनच हे पौंड आले. मधल्या चाळीस वर्षांत दिवाणांनी काय केलं, ते मला तरी इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पुढचंही सांगायलाच हवं. शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. 1917 मध्ये आंबेडकर बडोद्यात रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. राजा शिकला होता, कचेरी शिकली नव्हती. जातीपुढे दिवाणाचा हुकूम आणि महाराजांची शिष्यवृत्ती, दोन्ही थिटी पडली, आणि आंबेडकर परळला परत आले.

तरी त्यांनी सयाजीरावांचं ऋण नाकारलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांची तिजोरी कशी भरते आणि कशी वाटली जाते, यावरचा त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अर्पणपत्रिकेत नाव आहे श्रीमंत सयाजीराव गायकवाडांचं, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल.